कोऱ्या कागदांचा ड्रॉवर

रिटायर झाल्यापासून लोक मला एकच गोष्ट विचारतात. लग्नात, तेरवीत, न्हाव्याच्या खुर्चीत मान अडकलेली असताना. "जमादार, एखादी खुनाची केस सांगा ना राजेहो." त्यांना वाटते, मी जन्मभर भिंग घेऊन बुटाचे ठसे पाहत फिरलो. अरे बाप्पा! मी एकवीस वर्षं शहर ठाण्याच्या डीबी पथकात काढली. डीबी म्हणजे साध्या कपड्यातले पोलीस, गुन्हे शोधणारे. शर्ट बाहेर, पायात चप्पल, आणि सगळ्या शहराला माहीत की हा पोलीसवाला आहे. त्या एकवीस वर्षांत मी शोधलं थोडं आणि लिहिलं फार. जे लिहिलं त्यातलं बरंच घडलंच नव्हतं. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून मी एखादी मोटारसायकल चोरीची मजेदार केस सांगतो आणि लोक खूश होतात.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. मी शाळेत होतो तेव्हापासूनचा. नदी ओलांडली की जिल्हा बदलते आणि तीच बाटली कायदेशीर होते. त्यामुळे ती नदी ओलांडून येते. मोटारसायकलवर, टायरच्या ट्यूबमध्ये भरून, दुधाच्या कॅनमध्ये, लग्नाच्या गाडीत. गावाबाहेर मोहाच्या भट्ट्या आहेत त्या वेगळ्याच. आमच्या शहरात उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही असं झालं, दारू आली नाही असं कधी झालं नाही. आणि दर महिन्याला वरून विचारणा, दारूच्या केसेस किती केल्या? आकडा पायजे. आकडा दिला की सगळे गप.

आता खरी धाड टाकायची म्हणजे मोठ्या दारूवाल्याच्या दारात जावं लागते. तिथं कोणी जायचं? त्याचे हात वरपर्यंत पोचलेले. मंग आम्ही ठाण्यातच धाड टाकत होतो, टेबलावर. एक म्हातारा दारुडा आरोपी, वीस लिटर मोहाची दारू, जागेवरच नष्ट केली, पंचांसमक्ष पंचनामा केला, झालं. आता पंच म्हणजे काय, तर पोलिसांनी जे पाहिलं ते आपणही पाहिलं अशी सही करणारे दोन साधे नागरिक. खरा नागरिक कोणी पंच व्हायला तयार नसते. एकदा सही केली की चार वर्षांनी कोर्टाचं बोलावणं येते, मजुरी बुडते, वकील लाज काढतो. म्हणून प्रत्येक ठाण्याचा एक ठरलेला पंच राहते. आमचा होता ठाण्यासमोरचा सायकल दुरुस्तीवाला.

मोठा गमतीचा माणूस. संध्याकाळी दुकान आवरलं की हात पुसत माझ्या टेबलाशी यायचा आणि विचारायचा, "आज मी कुठं गेलतो, जमादार?"

"आज तू रेल्वे लाइनच्या मागं झोपडपट्टीत होता."

"अस्सं! काय भेटलं?"

"वीस लिटर मोहाची."

"बापरे! मोठी धाड टाकली ना मंग आपण!" असं म्हणून तो झोकात सही करायचा आणि माझ्याच पैशाचा चहा पिऊन घरी जायचा. सगळं ठाणं हसायचं. मीसुद्धा.

पुढं मला आणखी एक अक्कल सुचली. ही अक्कल माझीच, दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. रोज रोज त्याला बोलावण्यापेक्षा एकदाच कोऱ्या कागदांवर खाली सह्या घेऊन ठेवाव्या, आणि लागेल तसा वर मजकूर लिहावा. त्याच्या आणि शेजारच्या पानवाल्याच्या सह्यांचा एक गठ्ठा मी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू लागलो. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. ज्याला केस दाखवायची तो यायचा, वरचा कागद उचलायचा. साहेबांनी एकदा पाठ थोपटली. "जमादार, तुझ्यामुळं पथकाचा टाइम वाचतो."

त्या काळात एक बाई दर सोमवारी ठाण्यात येत होती. सूतगिरणीत झाडूकामाला होती, सोमवारी तिची सुट्टी. नवरा दारूनं गेलेला, घरी ती आणि बारावीतली पोरगी. तिच्या गल्लीत, अगदी तिच्या दाराच्या समोर, त्याच मोठ्या दारूवाल्याचं दुकान. दुकान म्हणजे ओटा, पत्रा आणि मागं एक खोली. दारूवाला स्वतः फार कमी यायचा, त्याचा धाकटा भाऊ तिथं बसून गिऱ्हाइकांना ओतून द्यायचा. पहाटे साडेपाचपासून गिऱ्हाईक. पोरगी शाळेत निघाली की ओट्यावरून टोमणे. बाई कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहायची आणि म्हणायची, "जमादार भाऊ, धाड काऊन टाकत नाई तुमी? का तुमाले रस्ता माहीत नाई? चाला, मी दाखवतो."

पहिल्यांदा मी गोड बोललो. नंतर कंटाळलो. एका सोमवारी तिच्यासोबत पोरगी होती, तेव्हा मी फाइलच काढून समोर टाकली. "हे पाहा बाई, परवाच टाकली धाड तुमच्या गल्लीत. उगीच बदनाम करू नका आमाले."

तिनं तो कागद पोरीकडं दिला. पोरगी सरळ उभी राहून धड्यासारखं वाचू लागली. दुपारी साडेचार वाजता, पंचांसमक्ष, सदर इसम पोलिसांची चाहूल लागताच पळून गेला. बाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "परवा दुपारी पाळीवरून आल्यावर तर मी दारातच गहू निवडत बसली होती. कोणी आलं नाई."

पोरगी माझ्याकडं पाहून म्हणाली, "काका, हे खोटं आहे का?"

मागं दोन शिपाई फिसकन हसले. मला राग आला, त्या शिपायांचा नाही, पोरीचा. मी म्हटलं, "सरकारी कागद आहे तो. नीट ठेव इकडं." त्यानंतर बाई आमच्या ठाण्यात आली नाही. तिनं वर्ध्याला जाऊन मोठ्या साहेबांच्या नावानं अर्ज द्यायचं ठरवलं होतं, त्यात आमच्या ठाण्याचंही नाव होतं. तिनं अर्ज लिहून घेतला ही बातमी दारूवाल्यापर्यंत गेली. ती आमच्याच कोणाकडून गेली असणार. कोणाकडून, ते मी शोधलं नाही. डिटेक्टिव होतो ना!

बाईची पहिली पाळी सातला. ती सहाच्या आत घरून निघायची आणि कापसाच्या जिनिंगच्या मागच्या कच्च्या रस्त्यानं चालत जायची. एका सकाळी साडेसहाला त्या रस्त्यावर ती पडलेली सापडली. डोक्यावर मागून मार. कानातल्या सोन्याच्या बाळ्या तशाच होत्या, म्हणजे चोरी नव्हती. फक्त मोबाइल गायब. मी पोचलो तेव्हा पोरगी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि कोणाला हात लावू देत नव्हती. मला पाहून तिनं फक्त आईचा पदर सारखा केला. मला वाटलं होतं, ओरडेल, शिव्या देईल. देती तर बरं झालं असतं.

आता हे सांगायला मला लाज वाटत नाही की ती केस मी उघडकीस आणली. माझ्या जन्मातली एकच खरी केस. कोणी पाहणारा नव्हता, कॅमेरा नव्हता. सगळे म्हणत होते, दारूवाल्याचं काम आहे, पण म्हणून काय होते? दारूवाला दोन दिवसांपासून नागपुरात एका लग्नात होता, शंभर साक्षीदार. मी गेलो दारुड्यांकडं. लोकांना वाटते दारुड्याला वेळेचं भान नसते. अरे, पहाटे साडेपाचला ज्याचे हात थरथरतात, त्याच्यासारखं घड्याळ जगात नाही! मार्केट यार्डातला एक हमाल, एक रिक्षावाला आणि एक रिटायर मास्तर, असे तिघं रोजचे पहिले गिऱ्हाईक. तिघांना वेगवेगळं गाठलं, वेगवेगळं बसवलं, आणि एकच विचारलं, त्या दिवशी दुकान किती वाजता उघडलं?

तिघांचं उत्तर एक. सात वाजता. हमाल तर अजूनही चिडलेला होता. "दीड घंटा बसून राह्यलो ओट्यावर, जमादार! जीव चालला होता माहा. मंग आला लहाना, आंघोळ करून. तो काय आंघोळ करणारा माणूस आहे? आठवडा आठवडा पाणी लागत नाई त्याच्या अंगाले."

धाकट्या भावाला मी दुपारी उचललं. हात लावायची गरज पडली नाही. त्याच्यासमोर मी फक्त ते दीड तास ठेवले. कुठं होता? आंघोळ कुठं केली? कपडे कुठं आहेत? चार वेळा चार उत्तरं दिली आणि पाचव्यांदा रडू लागला. म्हणाला, भावानं सांगितलं होतं बाईला समजव. समजवायला गेलो, ती आणखी जोरात बोलू लागली. हातात टॉमी होती. टॉमी म्हणजे ट्रकचा टायर काढायचा लोखंडी गज. ती आणि बाईचा मोबाइल नदीवरच्या जुन्या पुलाखाली दगडात लपवून ठेवला होता. मोबाइल काऊन ठेवला विचारलं, तर म्हणे नवीनच होता.

आरोपीनं स्वतः दाखवून दिलेली वस्तू, आणि ती दाखवताना सोबत पंच, यावर अख्खी केस उभी राहते. बाकी कबुली कोर्टात शून्य. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवाल्याकडं गेलो. तो एक चाक सरळ करत बसला होता. म्हटलं, चल. तो म्हणाला, "सही तर आहे ना तुमच्यापाशी." मी म्हटलं, आज सही नाही, आज खरंच जायचं आहे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याची चेष्टा करून राह्यलो.

पानवाल्यालाही घेतलं. जीपनं पुलापर्यंत गेलो, खाली चिखल, सायकलवाल्याची चप्पल तुटली, अनवाणीच उतरला. आरोपीनं दुसऱ्या खांबाच्या बुडाशी हात घातला, तीन दगड बाजूला केले आणि पोत्याचा तुकडा ओढला. आत टॉमी. तिच्यावर केस चिकटलेले. आणि मोबाइल, त्याच्या मागच्या कव्हरमध्ये पोरीचा पासपोर्ट फोटो घातलेला. सायकलवाला तिथंच खाली बसला. जन्मात शेकडो पंचनाम्यांवर सही केलेला माणूस, पण पाहिलं असं त्यानं पहिल्यांदाच. मंग मला हळूच म्हणाला, "जमादार, हे असं राह्यते का खरं?"

मी दगडावर बसून, मांडीवर पॅड घेऊन, माझ्या हातानं पंचनामा लिहिला. सकाळी अकरा दहाला सुरू, बारा वीसला संपला. कोणत्या खांबापासून किती पावलं, कोणता दगड, पोत्यावर कोणत्या खताचं नाव. तितका चांगला पंचनामा मी आधी लिहिला नव्हता आणि नंतरही नाही. ठाण्यात परत येताना मी गाणं गुणगुणत होतो, हे मला पक्कं आठवते.

आम्ही पुलाखाली होतो त्याच वेळी ठाण्यासमोर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. पोरगी त्यांच्यात पुढं. दारू बंद करा, दारू बंद करा, असा आरडाओरडा. साहेब घाबरले. वर्ध्याहून फोनवर फोन. साहेबांनी ठाण्यात बसलेल्या माझ्या जोडीदाराला सांगितलं, आजच्या आज दारूवर कारवाई दाखव, बायांना सांगता आलं पायजे. जोडीदार शहाणा माणूस. तो माझ्या टेबलाशी गेला, ड्रॉवर ओढला आणि वरचा कागद घेतला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी साडेअकरा वाजता, एका म्हाताऱ्याकडं पंधरा लिटर, पंच हजर. खाली सायकलवाल्याची सही आधीपासूनच. साहेबांनी बाहेर येऊन बायांना जाहीर केलं की आत्ताच धाड पडली आहे. बाया शांत झाल्या. पोरीनं टाळी वाजवली नाही एवढं जोडीदारानं मला नंतर सांगितलं.

मला तो कागद त्याच संध्याकाळी कळला. मी तो फाडू शकत होतो. पण नोंद झाली होती, म्हाताऱ्याला जामिनावर सोडूनही झालं होतं, आणि मी मनात म्हटलं, दारूच्या केसचं कोण पाहते! दुसऱ्या कोर्टातली केस, दुसरी फाइल. कोणी दोन्ही फायली एका टेबलावर ठेवेल असं मला वाटलंच नाही.

ठेवल्या. वकिलानं ठेवल्या. आमच्याकडं फौजदारी वकील काय ढिगानं आहेत? म्हाताऱ्याचा जो वकील, तोच खुनाच्या आरोपीचा. खटला वर्ध्याला उभा राहिला तोवर चार वर्षं झाली होती. पानवाला मधल्या काळात वारला होता, म्हणजे पुलाखालचा एकच पंच उरला. पोरगी नर्सिंग करून एका खाजगी दवाखान्यात लागली होती. दर तारखेला यायची, ड्यूटी बदलून. मागच्या बाकावर बसायची, डब्बा सोबत.

सायकलवाल्यानं सरतपासणीत, म्हणजे आमच्या सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा, सगळं बरोबर सांगितलं. पूल, खांब, पोतं, टॉमी, तुटलेली चप्पलसुद्धा. मी खूश. मंग तो वकील उठला. हळू बोलणारा, आवाज कधी न चढवणारा. त्यानं पंचनामा दाखवला, सही तुमचीच? हो. आणि ही? म्हाताऱ्याच्या केसचा कागद. सायकलवाल्यानं चष्मा वर केला. हो साहेब, हीबी माहीच.

"तारीख वाचा. वेळ वाचा. साडेअकरा वाजता तुम्ही नेमके कुठं होता?"

सायकलवाला गोंधळला. त्यानं दोन्ही कागद पाहिले. आणि मंग त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी पाहायचा तसं. आपण आज कुठं गेलतो ते जमादारानं सांगावं म्हणून. कोर्टात लोक हसले. जज साहेबांनी गप केलं. सायकलवाला बिचारा म्हणाला, "जमादार सांगतील."

माझी साक्ष दुपारून होती. जेवणाच्या सुट्टीत साहेब मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. तेच साहेब, आता बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले, साक्षीसाठी आलेले. त्यांनी दोन समोसे मागवले आणि माझ्यापुढं सरकवले.

"दारूचा पंचनामा खोटा आहे असं म्हणायचा विचार आहे का तुझा?"

"तसं नाही म्हटलं तर तो पोट्टा सुटते, साहेब. हा पुलाखालचा कागद खरा आहे. मी पाहिलं ना डोळ्यानं."

"मीपण काही नाही म्हणत नाही. पण तो एक खोटा म्हटला की पुढचा प्रश्न काय? असे किती? कोऱ्या कागदावर सह्या कोणी घेतल्या? कोणी घेतल्या रे?"

मी समोशाची बशी इकडची तिकडं सरकवली.

"रिटायरला तीन वर्षं राहिली तुझी. आठवत नाही म्हण. आठवत नाही म्हटल्यानं कोणाचं काही वाकडं झालेलं मी पाहिलं नाही." आणि साहेबांनी माझ्यापुढचा एक समोसा उचलून खाल्ला.

साक्षीत वकिलानं मला फार छळलं नाही. त्याला माहीत होतं कुठं दाबायचं. शेवटी त्यानं विचारलं, "म्हणजे दारूचा हा पंचनामा खोटा आहे, असं तुमचं म्हणणं आहे काय?"

एक शब्द पाहिजे होता. हो. एवढाच. तो म्हटला असता तर पुलाखालचा कागद उभा राहिला असता, टॉमी उभी राहिली असती, केस उभी राहिली असती. जज साहेब पेन थांबवून माझ्याकडं पाहत होते. त्यांनाही तो शब्द हवा होता असं मला आजही वाटते. मागच्या बाकावर पोरगी पुढं वाकून बसली होती.

मी म्हटलं, "आठवत नाही."

सरकारी वकिलांनी पुन्हा उठून मला एक संधी दिली. पंच पुलाखाली तुमच्यासोबत होता की नाही, सरळ सांगा. मी म्हटलं, कागदावर लिहिलं आहे तसंच असेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की थुंकले असते तर बरं वाटलं असतं.

संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला. निकालात लिहिलं, पंचाची जागेवरील हजेरी संशयास्पद आहे. जगात जी एक हजेरी खरी होती ती संशयास्पद, आणि बाकी शेकडो कागद अजून रेकॉर्डात सुखानं पडून आहेत. सरकारनं अपील केलं नाही. तो पोट्टा गल्लीत परत आला. आता ओटा तोच चालवतो. रस्त्यात भेटला की थांबून, दोन्ही हात जोडून, "रामराम जमादार" म्हणतो. मनापासून म्हणतो. त्याचं ते हात जोडणं मला रोज जोड्यासारखं लागते, पण मीही मान हलवून पुढं जातो. आता तर म्हणे सगळ्या पंचनाम्यांचं मोबाइलवर शूटिंग करावं लागते. बरं झालं. माझ्यासारख्याच्या शब्दावर कोणाला अवलंबून राहावं लागू नये.

सायकलवाल्यानं त्या दिवसापासून सही बंद केली. दुकान ठाण्यासमोरून हलवून बसस्टँडकडं नेलं. माझ्याशी बोलत नाही.

रिटायर झालो. सत्कार झाला, शाल मिळाली, साहेबांचा फोनवर शुभेच्छा संदेश आला. त्याच्या काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, पोरगी माझ्या दारात उभी. आता तिला पोरगी म्हणू नये, पण मला दुसरं काही म्हणता येत नाही. बायकोनं आत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "काका, तुमाले आठवत होतं ना?"

मी इकडंतिकडं पाहिलं. बायको दारात उभी होती.

"हो," मी म्हटलं. तोच शब्द. इतक्या वर्षांनी आणि घरात.

ती रडली नाही. जणू एक काम झालं, अशी तिनं मान हलवली. मंग तिनं सांगितलं की नागपूरच्या एका वकिलांना ती भेटली आहे. उशीर झाला तरी मृताच्या मुलीला अपील मागता येते म्हणतात. पण नवीन काही पायजे. ज्यानं तो ड्रॉवर ठेवला, त्यानंच लिहून दिलं की दारूचा कागद खोटा होता आणि पंच पुलाखाली होता, तर काही होऊ शकते. "मले तुमच्यावर राग काढायचा नाई काका. मले कागद पायजे. तुमी लिहिता चांगलं, आई म्हणे."

बाई असं कधी म्हणाली असेल, मला माहीत नाही. मी म्हटलं, लिहितो. खरंच लिहितो. तिनं पाया पडल्यासारखं केलं, मी मागं सरकलो.

पंधरा दिवस मी बसून लिहिलं. सकाळी पूजा झाली की टेबलावर. बायको म्हणाली, इतके पानं? मी म्हटलं, सगळंच लिहितो आहे, आधीपासून. काही लपवलं नाही. माझी अक्कल, माझं हसणं, माझा समोसा, सगळं. इथपर्यंत तुम्ही जे वाचलं ते सगळं. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. त्या रात्री मला बऱ्याच वर्षांनी झोप चांगली लागली.

रविवारी ती आली. मी पानं तिच्या हातात दिली. तिनं सावकाश वाचली, एकेक पान उलटं करून मांडीवर ठेवत. आईचं डोकं मांडीवर घेतल्याचं आलं तिथं थोडी थांबली, पुन्हा वाचू लागली. बायकोनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. शेवटचं पान वाचून तिनं पहिलं पुन्हा पाहिलं. मंग मधली दोन-तीन चाळली.

"काका, यात नाव कुठं आहे?"

"कोणाचं?"

"कोणाचंच नाई. तुमचं नाई. साहेबाचं नाई, त्याचं नाई. ठाण्याचं नाई, तारीख नाई. हे कोर्टात कोणाचं म्हणून देऊ मी?"

मी म्हटलं, तू समजून घे बाळ. माझं वय झालं. चौकशी लावली तर पेन्शन बंद करतात, या वयात कुठं जाऊ आम्ही दोघं? मी मनातलं सगळं लिहिलं आहे, आणखी काय पायजे माणसाला? बोलता बोलता माझा आवाज चढला. बायको म्हणाली, अहो, हळू.

तिनं पानं जमवली, टेबलावर आपटून सरळ केली आणि माझ्यापुढं ठेवली. उठली, चप्पल घातली. दारात थांबून म्हणाली, "आईचं तरी लिहायचं होतं, काका. तिची कोणती पेन्शन बंद होणार होती?"